मुष्टिफंड आणि त्यानंतर : गोमंतकातील शिक्षणसाहाय्याचा इतिहास, पालकांच्या बाजूने

शिक्षणसंस्थांच्या स्मरणिका चाळताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. संस्थापकांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली, कोनशिला-समारंभाचा वृत्तांत आणि परीक्षांच्या निकालांचे तक्ते यांनी पाने भरलेली असतात. परंतु ज्या आईबापांनी आपले मूल त्या संस्थेच्या स्वाधीन केले, त्याच्या गणवेशासाठी घरखर्चातून पै-पैसा बाजूला काढला आणि शाळेच्या बोलावण्यासरशी हातातले काम टाकून जे धावत आले, त्यांच्या वाट्याला 'पालकांचे सहकार्य लाभले' या एका वाक्यापलीकडे बहुधा काही येत नाही. गोमंतकातील, आणि विशेषेकरून पेडणे व डिचोली या उत्तरेकडील महालांतील, शिक्षणसाहाय्याचा इतिहास त्या एका वाक्यात मावणारा नाही. येथील मराठी शाळा दीर्घ काळपर्यंत सरकारी तिजोरीच्या आधारावाचून चालली आणि तिचा पहिला आश्रयदाता घरोघरचा पालकच होता. म्हणून हा इतिहास त्याच्याच बाजूने सांगणे उचित होय.

पेडणे आणि डिचोली ही दोन्ही ठिकाणे पोर्तुगीज अमलाच्या परिभाषेत नव्या काबिजादीत मोडतात. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. पेडणे महाल सर्वांत शेवटी, १७८८ साली. तोवर धर्मांतराचा आणि भाषादमनाचा पहिला जोर ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या धर्माचारांत हस्तक्षेप न करण्याचे धोरण सरकारने पत्करले होते. त्यामुळे तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत जे घडले ते येथे घडले नाही: देवळे राहिली, देवस्थानांची दप्तरे राहिली, भजन-कीर्तनाची आणि पोथीवाचनाची मराठी राहिली. जुन्या काबिजादीतील गावांत गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमीनसंस्थेच्या, उत्पन्नातून चर्चच्या आश्रयाने शाळा चालत. नव्या काबिजादीतील हिंदू वस्तीला तसा काही आधार नव्हता. घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि देवळात मराठी ऐकणाऱ्या या रयतेने आपल्या मुलांना अक्षरओळख करून देण्याची तजवीज स्वतःच केली, आणि त्या तजविजीचे नाव होते शेणैमाम.

शेणैमाम म्हणजे गावोगाव फिरून वा एखाद्या गावी बिऱ्हाड करून मुलांना शिकवणारा पंतोजी. देवळाची अग्रशाळा किंवा एखाद्या देसायाच्या घराची पडवी हीच त्याची शाळा. फळीवर पसरलेल्या धुळीत बोटाने अक्षरे गिरवून घेणे, संध्याकाळी परवचा म्हणवून घेणे, मोडी वाचायला आणि हिशेब मांडायला शिकवणे एवढाच त्याचा अभ्यासक्रम. त्याला रोख वेतन मिळे ते नाममात्र. तांदूळ, नारळ, सणासुदीचा शिधा आणि ज्या घरी शाळा भरे तेथले दोन वेळचे जेवण हे त्याचे खरे उत्पन्न होते. आजच्या दृष्टीने ही व्यवस्था तुटपुंजी वाटेल, आणि ती तशी होतीही. तथापि तिच्यात एक गुण असा होता की, जो शिकवीत होता आणि ज्यांची मुले शिकत होती ते एकाच पंगतीला बसत असत. मुलाची प्रगती कळविण्यासाठी प्रगतिपुस्तकाची गरज नव्हती आणि पालकसभा भरविण्याचेही कारण नव्हते. पानावर बसल्या बसल्याच मुलाच्या बापाला पोराचा पाढा कुठे अडतो ते समजत असे, आणि मास्तरांनी हात उगारला तर त्याचा जाबही तिथेच विचारला जात असे.

या चित्राला भुलून जाऊ नये. शेणैमामाच्या शाळेत बसणारी मुले बहुतांशी ज्यांच्या घरी पडवी आणि कोठार होते त्यांची होती. कुळांची, कष्टकऱ्यांची, देवळाच्या सेवेत पिढ्यानपिढ्या बांधल्या गेलेल्या घराण्यांची मुले त्या पडवीच्या बाहेरच राहिली, आणि मुलींचा प्रश्न तर उपस्थितच झाला नाही. शिक्षणातील पालकांचा सहभाग हा शब्दप्रयोग करताना कोणते पालक, हा प्रश्न त्या काळापासून आजतागायत आपल्यासमोर उभा आहे, आणि पुढील सर्व वृत्तांत वाचताना तो विसरून चालणार नाही.

गावात शेणैमामापलीकडे शिक्षण नसल्यामुळे ज्यांना पुढे शिकायचे असे त्यांना देशांतर करावे लागे. पेडणे महालातील मांद्रे गावी १८२० च्या दशकात जन्मलेल्या रामकृष्ण विठ्ठल लाड यांना, म्हणजे पुढे सर्वविश्रुत झालेल्या डॉक्टर भाऊ दाजींना, त्यांचे वडील मुंबईस घेऊन गेले नसते तर एल्फिन्स्टन संस्थेत शिकण्याचा आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडण्याचा योग त्या मुलाला आला नसता. पुढे मुंबईत मुलींच्या शाळांना भाऊ दाजींनी जे साहाय्य केले त्यामागे या अनुभवाचा काही भाग असावा, असे मानण्यास मला तरी अडचण वाटत नाही. सगळ्यांचेच बाप आपला संसार उचलून मुंबईला जाऊ शकत नव्हते. सावंतवाडी, वेंगुर्ले, बेळगाव, कोल्हापूर येथे नातलगांच्या वा ओळखीच्या घरी मुलगा ठेवायचा, त्याने वार लावून जेवायचे, आणि वर्षातून एकदा चतुर्थीला किंवा मे महिन्यात घरी यायचे, हा अनेक कुटुंबांचा शिरस्ता होता. परगावच्या सात घरांनी एका मुलाला आठवडाभर जेवू घालणे ही विद्यार्थ्याला आश्रय देण्याची आपल्याकडची फार जुनी रीत होय. मात्र तीत मूल आणि आश्रयदाता यांची गाठ रोज पडे, तर आईबाप दूर गावी, मुलाच्या पत्राची वाट पाहत बसलेले. आणि ज्यांना पत्र वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेत. आश्रय देणारा जवळ आला की जन्मदाता दूर जातो, ही या विषयातील मूळ अडचण तेव्हाच प्रकट झाली होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पणजीत जे घडले त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे. १९०८ साली, म्हणजे पोर्तुगालमध्ये राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक येण्यापूर्वी दोन वर्षे, पणजीतील मराठी शाळेसाठी मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. हिंदूंना नागरिकत्वाचे समान हक्क अद्याप मिळाले नव्हते, मराठी शिक्षणासाठी सरकारी अनुदानाची आशा नव्हती, आणि एखाद्या धनिकाच्या मर्जीवर शाळा सोडावी तर ती मर्जी किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी चालकांनी जो मार्ग काढला तो संस्थेच्या नावातच नोंदलेला आहे: घरातील गृहिणीने रोजच्या स्वयंपाकाचे तांदूळ काढताना एक मूठ शाळेसाठी वेगळी ठेवावी, साठलेले धान्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन गोळा करावे, आणि त्याच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन व शाळेचा खर्च भागवावा. त्याच सुमारास महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची चळवळ जोरात होती, आणि १९०८ मध्येच तिच्या पैशावर तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. प्रत्येकाकडून अल्प घेऊन सर्वांचे मोठे काम उभारावे ही कल्पना त्या काळच्या हवेतच होती. गोमंतकाने तिला धान्याचे रूप दिले, कारण रोकड सगळ्यांकडे नसली तरी चूल प्रत्येक घरी पेटत होती.

मुष्टिफंडाची महती सांगताना बहुतेक लेखक त्यागाचा गौरव करतात. मला त्याहून निराळी गोष्ट अधिक मोलाची वाटते. धान्य गोळा करायला येणारा कार्यकर्ता उंबऱ्याशी उभा राही, तेव्हा तो केवळ घेऊन जात नसे; शाळेची खबरबात तो घरात आणून पोहोचवीत असे. मुलगा काल का आला नाही, पाटी का फुटली, नव्या मास्तरांचे शिकवणे कसे आहे, धाकटीलाही का पाठवीत नाही, अशा चौकशा त्या उंबऱ्यावर होणे अपरिहार्य होते. शिवाय मूठ बाजूला काढणारा हात घरातल्या बाईचा असे. जिला सभेत बोलण्याची मुभा नव्हती आणि जिचे नाव वर्गणीदारांच्या यादीत येण्याचा संभव नव्हता, ती बाई या पद्धतीने शाळेची रोजची वाटेकरीण झाली. ज्याने शाळेला दिले त्याला शाळेला विचारण्याचा अधिकार आपोआप मिळतो. आणि दान इतके लहान असल्यामुळे तो अधिकार गरिबालाही मिळाला. संस्थेचा आश्रयदाता आणि संस्थेचा लाभार्थी एकाच घरात, एकाच चुलीशी राहत होते, हे या योजनेचे मर्म होय. पुढे या संस्थेने माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेपर्यंत मजल मारली आणि शतक ओलांडून ती आजही कार्यरत आहे.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले, धर्म आणि शासन यांची फारकत झाली, आणि गोमंतकातील हिंदू समाजाला सार्वजनिक जीवनाचे दार उघडले. फोंड्याचे वैद्यराज रामचंद्र पांडुरंग वैद्य, ज्यांना सारा गोमंतक दादा वैद्य म्हणून ओळखतो, त्यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये तेथे गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या शाळेला आंतोनियु जुझे द आल्मेदा यांचे नाव देण्यात आले. नव्या प्रजासत्ताकाचे हे गृहमंत्री पुढे १९१९ ते १९२३ या काळात पोर्तुगालचे अध्यक्ष होते. ज्या राजवटीने हक्क दिले तिच्या प्रतिनिधीचे नाव शाळेला देऊन शाळेला राजाश्रयाची ढाल मिळवायची, यात चालकांचे धोरणही होते आणि कृतज्ञताही होती. मात्र पणजी काय आणि फोंडे काय, पेडण्याच्या मुलाला दोन्ही सारखीच दूर. मध्ये कोलवाळची नदी, पुढे मांडवी. होडीचा आणि पायी चालण्याचा प्रवास. त्यामुळे उत्तरेकडील महालांत या चळवळीचे पडसाद उमटले ते लहान लहान खाजगी शाळांच्या रूपाने. गावच्या देवस्थानाच्या आवारात भरणाऱ्या, गावच्याच वर्गणीवर चालणाऱ्या या शाळांचे आयुष्य पुष्कळदा एका उत्साही शिक्षकाच्या मुक्कामापुरतेच असे. पुढे पोर्तुगालमधील सालाझारच्या हुकूमशाहीने सभा, संस्था आणि मुद्रण यांवर निर्बंध लादले, आणि सरकारी दृष्टीने खऱ्या शिक्षणाचे माध्यम पोर्तुगीजच राहिले. त्या तीन दशकांत मराठी शाळा टिकून राहिली ती आपल्या पालकांच्या जोरावर, एवढे सांगून पुढे जावे हे बरे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा येथील लोकसंख्येपैकी जेमतेम एकतृतीयांश लोकांना लिहितावाचता येत होते. १९६३ च्या डिसेंबरात पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि त्याचे मुख्यमंत्री झाले दयानंद बांदोडकर. १९११ साली पेडण्यात जन्मलेला हा पुरुष खाणमालक होता, आणि राजकारणात येण्यापूर्वीही त्याचा हात शाळांना व देवस्थानांना मुक्तपणे देणारा म्हणून ख्यात होता. जे साहाय्य तोवर खाजगी औदार्याचा भाग होते ते त्यांनी शासनाचे कर्तव्य केले: गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, बहुसंख्य मराठी माध्यमाच्या, आणि शेणैमामाच्या पडवीबाहेर राहिलेल्या बहुजनांच्या मुलामुलींना पहिल्यांदाच कोणाची मिनतवारी न करता पाटी हातात घेता आली. हरमल, केरी, इब्रामपूर, साळ, लाटंबार्से, मेणकुरे अशा गावांतील ज्या घरांत त्यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरांतून पुढे शिक्षक, परिचारिका, कारकून आणि अभियंते निघाले. गोमंतकाच्या आधुनिक इतिहासात यापेक्षा मोठे लोकोपकारक कार्य झालेले नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

तथापि या यशाबरोबर एक हानीही नकळत झाली. अनुदान आले, वेतन सरकारातून मिळू लागले, इमारत सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली, आणि पालकाला शाळेसाठी देण्यासारखे काही उरले नाही. आणि जो काही देत नाही त्याचे विचारणेही हळूहळू थांबले. शाळा सरकारची, मास्तर सरकारचा, मग आपण त्यात काय बोलावे, ही भावना खेड्यांत रुजली. पहिल्या पिढीच्या शिक्षकांनी ती काही काळ थोपवून धरली. मास्तर गावातच खोली घेऊन राहत, जत्रेत आणि नाटकाच्या तालमीत सगळ्यांबरोबर असत, आणि मूल शाळेत आले नाही तर संध्याकाळी त्याच्या घराकडे चक्कर मारीत. पुढे रस्ते झाले, मोटारी झाल्या, शिक्षक म्हापशाहून वा पर्वरीहून रोज ये-जा करू लागला, आणि शेवटची बस पकडण्याच्या घाईत गृहभेटीचा रिवाज मागे पडला. या बदलाबद्दल शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल; त्यालाही संसार आहे. पण शाळा आणि घर यांच्यामधली पायवाट मोडली ती याच काळात.

डिचोलीच्या बाबतीत या हकीकतीला खाणींचा एक स्वतंत्र अध्याय आहे. शिरगाव, पाळी, वेळगे, सुर्ल, आमोणा या पट्ट्यात लोहखनिजाने जो पैसा आणला त्याने शाळांनाही हात दिला; कुठे वर्गखोली, कुठे शिष्यवृत्ती, कुठे मुलांसाठी वाहन, अशा रूपाने खाण कंपन्यांचे साहाय्य आले. त्याच धुळीने शाळांच्या खिडक्या लाल झाल्या आणि मुलांना खोकला लागला, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही काळ त्या सुरू झाल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे ठप्प झाले. कर्ज काढून ट्रक घेतलेला बाप दारातल्या उभ्या ट्रककडे बघत घरी बसला. ज्या घरांनी तोवर दुसऱ्याच्या मुलाच्या वह्यांना पैसे दिले होते, त्यांना आपल्या मुलाच्या शिकवणीच्या पैशांसाठी कोणापुढे तरी शब्द टाकण्याची वेळ आली. अशा पालकाशी कसे बोलावे, याचे शिक्षण कोणत्याही अध्यापक विद्यालयात मिळत नाही. कालपर्यंत देणारा असलेला माणूस अर्ज भरताना उत्पन्नाच्या रकान्यापाशी थबकतो. त्याला चारचौघांत पुकारून पाकीट देण्यापेक्षा मुख्याध्यापकांनी बाजूला बसवून चहा देत देत तो अर्ज स्वतः लिहून घेतला, तर त्याचे मूल शाळेत टिकण्याचा संभव अधिक, हे या तालुक्यात काम करणाऱ्या कोणालाही विचारावे.

सरकार आणि खाण कंपन्या यांच्याखेरीज साहाय्याची आणखी एक वाट आहे, ती व्यक्तिगत दात्याची. एका दात्याने एका विशिष्ट मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा आणि त्या मुलाशी पत्रव्यवहार ठेवावा, या पद्धतीचा जगभर प्रसार झाला तो युद्धातील अनाथांच्या निमित्ताने. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ साली, जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकाराच्या पुढाकाराने तेथील मुलांसाठी जी योजना सुरू झाली तीच पुढे प्लॅन या नावाने अनेक खंडांत पसरली. महाराष्ट्र शासनाने १९८३ मध्ये सावित्रीबाई फुले यांच्या नावाने दत्तक पालक योजना सुरू केली आणि गरीब घरातील मुलींना दरमहा लहानशी रक्कम देणारे दाते मिळवून दिले. सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे सोयरसंबंध असलेल्या पेडणे-डिचोलीकरांना हे शब्द आणि ही पद्धत परिचयाची झाली, आणि गोव्यातही व्यक्तींनी, ज्ञातिसंस्थांनी, देवस्थानांनी व परदेशस्थ हितचिंतकांनी मुले दत्तक घेण्याची प्रथा वाढली. मुंबईत वा आखाती देशांत नोकरी करणारा गावकरी चतुर्थीला घरी येतो आणि आपल्या जुन्या शाळेतल्या दोन मुलांचा वर्षाचा खर्च देऊन जातो, हे दृश्य या भागात सर्वपरिचित आहे.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या व्यक्तिगत जिव्हाळ्यात आहे, आणि तिचा धोकाही तिथेच आहे. दाता आणि मूल यांच्यामध्ये पत्र जाते, छायाचित्र जाते, वार्षिक निकालाची प्रत जाते. या सगळ्यांत आईबापांची सही फार तर एका संमतिपत्रावर उरते. ज्या आईने मुलाला पहाटे उठवून तयार केले तिला दात्याचे नावही ठाऊक नसते, आणि दात्याला तिचे. मुलाच्या मनात मग हळूहळू अशी समजूत घर करते की आपले भले करणारा तो दूरचा माणूस, आणि आपल्याला अडवणारे हे जवळचे. मुष्टिफंडाने जे एकत्र ठेवले होते ते येथे तुटते. म्हणून पत्र मुलाबरोबर आईबापांच्या नावेही यावे, आईबापांचे उत्तर, मग ते तोंडी सांगून दुसऱ्याने लिहिलेले का असेना, दात्याकडे जावे, आणि मुलाच्या गरजांची यादी शाळेने परस्पर न करता घरच्यांशी बसून करावी, ही पद्धत ज्यांनी पाळली त्यांची मुले दहावीच्या अलीकडे गळत नाहीत असे दिसते. छायाचित्राबाबतही तेच. मुलाला फाटक्या कपड्यांत उभे करून काढलेले चित्र दात्याचे मन द्रवविण्यास उपयोगी पडत असेल, पण ते चित्र उद्या त्याच्या बापाच्या हाती पडले तर त्याला काय वाटेल, याचा विचार ज्याने केला नाही त्याने हे काम अंगावर घेऊ नये.

आजच्या पेडण्याचे स्वरूप पुष्कळ पालटले आहे. किनाऱ्यावरील मोरजी, मांद्रे, हरमल येथे पर्यटनाने घरे भाड्याला गेली. डोंगरमाथ्यावर मोपा येथे विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून वाहतूक सुरू झाली. बांधकामांवर, हॉटेलांत, बागायतींत आणि डिचोलीच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबे कर्नाटकातून, उत्तर हिंदुस्थानातून, झारखंड-ओडिशातून येऊन राहिली, आणि पटसंख्या घसरल्यामुळे बंद पडण्याच्या वाटेवर असलेल्या कित्येक मराठी प्राथमिक शाळांचे वर्ग त्यांच्याच मुलांनी आज भरले आहेत. घरी कन्नड वा हिंदी, अंगणात कोंकणी, वर्गात मराठी आणि सरकारी अर्जावर इंग्रजी, अशा चार भाषांतून या मुलाला वाट काढायची असते. त्याच्या आईबापांना तर चारांपैकी एखादीच येते. पालकसभेची सूचना फलकावर लिहून ती त्यांच्यापर्यंत पोहोचली असे मानणे हा स्वतःच्या मनाची समजूत काढण्याचा प्रकार झाला. जेथे शिक्षिकेने शेजारच्या जुन्या रहिवासी बाईला बरोबर घेऊन वस्तीवर फेरी मारली, जेथे माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातील बायकांनी निरोप्याचे काम केले, जेथे बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकाने 'उद्या सायंकाळी शाळेत या' असे गाडी थांबवून सांगितले, तेथे पालक आले. सभेची वेळ हाही लहान प्रश्न नव्हे. सकाळी अकराची सभा म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची दिवसाची मजुरी बुडाली; तो आला नाही यावरून त्याला मुलाची आस्था नाही असा शेरा मारणे सोपे आहे, आणि तो शेरा मी पुष्कळ वेळा ऐकला आहे, पण तो खरा नाही. रविवारी किंवा दिवेलागणीनंतर बोलवावे, सभा एका तासात आटोपावी, आणि वाटेल ते झाले तरी कोणत्याही मुलाचे गुण सर्वांसमक्ष वाचू नयेत.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, या सर्व गोष्टींना वैधानिक अधिष्ठान दिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे निदान तीनचतुर्थांश सभासद आईबाप वा पालक असावेत, दुर्बल घटकांतील पालकांना त्यात प्रमाणशीर जागा असाव्यात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्याचे कलम २१ सांगते. आणि पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, त्याची ग्रहणशक्ती व प्रगती त्यांना समजावून सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे कलम २४. शेणैमामाच्या पंगतीत जे सहज होत असे ते आता कायद्याच्या कलमात लिहावे लागले. परंतु लिहिले हे उत्तमच झाले, कारण पंगतीला बसण्याचा मान ज्यांना तेव्हा नव्हता त्यांनाही आता समितीत बसण्याचा अधिकार आहे. खाजगी साहाय्य देणाऱ्यांनी या समितीला वगळून मुख्याध्यापकांशीच परस्पर व्यवहार करण्याची जी सवय लावून घेतली आहे ती मात्र मोडली पाहिजे. कोणत्या मुलाला साहाय्य मिळावे हा निर्णय पालकांच्या बैठकीत झाला तर गावातली कुजबूज थांबते, आणि खरा गरजू कोण हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.

२०२० च्या महामारीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरू लागला, तेव्हा शाळा आणि घर यांच्यातील संवादाची कसोटी लागली. घरात एकच भ्रमणध्वनी, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. डोंगराळ वाड्यांत जोडणी मिळत नाही म्हणून मुले टेकाडावर जाऊन बसलेली. त्या काळात कित्येक दात्यांना वाटले की यंत्र विकत दिले की काम झाले. यंत्रे दिली ती उपयोगी पडलीच; पण ती चालवायची कशी, मुलाने त्यात काय पाहावे आणि काय पाहू नये, महिन्याचा खर्च कोण भरणार, हे ज्या शाळेने आईबापांशी बोलून ठरवले तेथेच ती अभ्यासाच्या कामी लागली. त्याच दिवसांत व्हॉट्सॲपचे पालकगट घरोघर पोहोचले आणि ते आजही चालू आहेत. लिहिता न येणारी आई आवाजी निरोप पाठवून बाईंना विचारते, आणि बाई तशाच आवाजी निरोपाने उत्तर देतात. हा एक खरा लाभ मानला पाहिजे. सूचनांचा भडिमार करण्यासाठी हे गट वापरणाऱ्या शाळांनी तो ध्यानात घ्यावा.

मुलींच्या बाबतीत पालकांशी बोलण्याची गरज आठवीच्या सुमारास सर्वाधिक असते. तोवर शाळा गावात वा शेजारच्या गावात असते. पुढे बस धरावी लागते, परतायला अंधार पडतो, आणि घरी धाकटी भावंडे सांभाळणारे कोणी नसते. दात्याने फी, पुस्तके, गणवेश यांची तरतूद केली तरी या तीन अडचणी पैशाने सुटत नाहीत. बरोबरीच्या मुलींचा जथा जुळवून देणे, बसची वेळ बदलून घेण्यासाठी कदंब महामंडळाकडे पालकांच्या सह्यांचा अर्ज नेणे, आजीला भेटून तिचे मन वळवणे, ही कामे करणारी माणसे प्रत्येक शाळेत असतातच; त्यांची नावे कोणत्याही नामावलीत नसतात.

२०२५ साली गोवा शासनाने सहावी ते दहावीच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू केले, तेव्हा ठिकठिकाणच्या पालकांनी विरोध नोंदवला आणि काहींनी न्यायालयाचे दारही ठोठावले. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. पण पेडणे-डिचोलीच्या डोंगरांत एप्रिल म्हणजे काजूचा ऐन हंगाम. बोंडे वेचायला सगळे घर पहाटेपासून रानात असते, आणि त्या हंगामाच्या मिळकतीवर कित्येक घरांचे जूनमधले दप्तर आणि छत्री अवलंबून असते. वर्ष आता एप्रिलपासून मोजायचे तर साहाय्याचा पहिला हप्ताही जूनची वाट न पाहता मार्चअखेर पोहोचला पाहिजे, आणि पहिली पालकसभा बोंडांचा हंगाम उतरल्यावर, मिरगाच्या पेरणीपूर्वी, ज्या आठवड्यात माणसे घरी असतात त्या आठवड्यात ठेवली पाहिजे. तो आठवडा कोणता हे त्या त्या वाडीतल्या पालकांनाच विचारून ठरवावे लागेल.